पातेल्यातला जोड

एकमेकांना चिकटवलेले प्लायचे दोन तुकडे मी भाताच्या पातेल्यात नुसत्या पाण्यात टाकले आणि गॅस मोठा केला. “खरंच सोयाबीनचा डिंक असेल तर सुटतील,” मी नवऱ्याला म्हणाले.

“या वेळी नाही सुटायचे. त्यात प्रयोगशाळेतून आणलेलं औषध मिसळलंय,” अंगावरचा भुसा झटकत ते म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. आमचं सुतारकामाचं वर्कशॉप घराला लागूनच आहे. कंपनीच्या डिंकाचा डबा उघडला की माझे डोळे झोंबायचे, खोकून खोकून जीव अर्धा व्हायचा. म्हणून यांनी सोयाबीनचा डिंक करायला घेतला, पण तो साध्या पाण्यातही टिकत नव्हता. आणि परवा अचानक त्याच डिंकाने जोडलेलं म्हणून दिलेलं सिंकखालचं कपाट गिऱ्हाइकाने पसंत केलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

भात शिजून झाला असता इतका वेळ मी रागाने पातेल्यावर वाकून उभी होते. मग जोडाचं एक टोक सांडशीत, दुसरं फडक्यात धरून पिरगाळलं. लाकूड फाटलं, जोड सुटला नाही.

“हा कंपनीचा जुनाच डिंक आहे,” मी म्हणाले. “माझ्यापासून लपवून वापरलात.”

ते चिडले नाहीत. पुढे येऊन त्यांनी गॅस बंद केला. “मघापासून त्या वाफेत तोंड घालून उभी आहेस,” एवढंच म्हणाले.

भांडायला मी मोठा श्वास घेतला. तेव्हा लक्षात आलं, मला एकदाही खोकला आला नव्हता.