बनुबाईंचा गुडघा

माझे अब्बा, इब्राहिमभाई, पुणतांब्याचे हाडवैद्य. दुखऱ्या हाडावर तीनदा बोट टेकवून थांबायचे; माणूस ‘व्हय’ म्हणाला, तरच पुढे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

मी सर्जन. आज श्रीरामपुरात मी रोबोटने बदलणार तो शंभरावा गुडघा होता, अब्बांच्या जुन्या पेशंट बनुबाईंचा. स्कॅनवरून आखलेला छेद केसाइतका अचूक होता. मी ऐटीत पेडल दाबलं.

रोबोटचा हात उतरला, आवाज न करता हाडाला तीनदा टेकला आणि थांबला. पुन्हा पेडल दाबलं. हलेना.

“फरहीन मॅडम, हे प्रोग्राममध्येच नाही,” इंजिनिअर अमृत पुटपुटला.

कमरेखाली बधिर असलेल्या बनुबाई पडद्याआड जाग्या होत्या.

“व्हय, इब्राहिमभाई,” त्या हसून म्हणाल्या. “पोरीनं नाव काढलं तुमचं.”

हात चालू झाला.