हौदातले मासे

बायकोची तेरवी आटोपून दशरथ स्फोटकांच्या कारखान्यात कामावर परतला. तिथलं विषारी लाल पाणी कोळशातून गाळून नाल्यात सोडायचं, हे त्याचं काम. पाणी शुद्ध झाल्याची खूण म्हणून कुंपणाबाहेरच्या शेवटच्या हौदात मासे ठेवलेले असत.

हौदाच्या तोटीखाली शेजारची वच्छला प्यायच्या पाण्याचा हंडा भरत होती. “हे पाणी नेऊ नको,” तो म्हणाला.

“काहून भाऊजी? बायकोला आठ वर्षं पाजलं, अन् आम्हालाच मनाई?”

“म्हणूनच तिला कावीळ झाली. मासे रोज मरतात, वच्छला. साहेबांच्या सांगण्यावरून सकाळी मीच मेलेले काढून नवे सोडतो. तिलासुद्धा कधी सांगितलं नाही.”

वच्छलाचा चेहरा उतरला. तिने वाकून हौदात पाहिलं. तासाभरापूर्वीच त्याने सोडलेले मासे आत मजेत फिरत होते.

तिने डोळ्यांना पदर लावला. “पंचफुला गेली, त्यात तुमचा काय दोष? असं मनाला लावून घेऊ नका. सकाळपासून काही पोटात गेलं नसेल तुमच्या.” तिने हंडा कमरेवर घेतला. “घरी या, याच पाण्याचा चहा टाकते.”