निरोपाचं वाक्य

टोकियोत बनणाऱ्या, अंतराळावरच्या एका अ‍ॅनिमे कार्टून मालिकेत कुसाबा-सान अकरा वर्षं विनोदी यंत्रमानवाला आवाज देत होते. कर्करोगामुळे उद्या शस्त्रक्रिया करून त्यांचं स्वरयंत्र काढायचं होतं. स्टुडिओत कुणाला पत्ता नव्हता. आज पर्वाच्या शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग. मागे राहिलेला यंत्रमानव म्हणतो, "जा बाळांनो, माझी काळजी करू नका." ही मालिका बघणाऱ्या आपल्या नातीसाठी एवढं तरी मनापासून म्हणावं, हीच त्यांची इच्छा.

"रडवताय काय, कुसाबा-सान? आधीच भाग जड झालाय. थोडी गंमत आणा, पुन्हा!" काचेपलीकडून दिग्दर्शक तोगावा ओरडला.

नवव्या वेळी घसा पार बसला. नुसती फुसफुस आली आणि सगळे खो खो हसले.

 

"वा! हेच घ्या. कुसाबा-सान, पुढच्या पर्वातही अगदी हाच आवाज ठेवा हं!"