उंबऱ्याशी काढलेले बूट

त्या उन्हाळ्यात बोस्नियात मुसलमानांची घरं रिकामी करत आलेल्या सैनिकांनी ओब्रेनला वाट दाखवायला पुढं घातलं. तो सर्ब, म्हणजे त्यांच्यातलाच. "या घरात कोण आहे?" "कोणी नाही. केव्हाच पळाले," ओब्रेननं ठोकून दिलं. त्याचा शेजारी रमीझ आणि रमीझची बायको शेफिका याच घराच्या माळ्यावर लपलेत, हे त्याला ठाऊक होतं. सैनिकानं दार ढकललं. तीस वर्षं या घरी येण्याच्या सवयीनं ओब्रेननं वाकून बूट काढले आणि उंबऱ्याशी ठेवले. सैनिक हसला. "रिकाम्या घरात बूट कोण काढतं, काका?" दोघांना फरफटत खाली आणलं. रमीझनं मान वर केली नाही. शेफिकानं मात्र उंबऱ्याशी वाकून, पाहुणा निघताना नेहमी करायची, तशी बुटांची तोंडं बाहेरच्या बाजूला फिरवली. "घाला, भावजी. अंगणात काचा पडल्यात." नदीकडून गोळ्यांचे आवाज आले, तेव्हाही ओब्रेन मोज्यांवरच उभा होता, बुटांत पाय घालवेना.