भरलेला स्फटिक

"वायूचा दाब वाढवला की स्फटिकात आणखी वायू शिरतो. बाहेर पडत नाही," माझ्या गाइड मॅडम व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या. "तुझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे. सगळं काढून टाक आणि पहिल्यापासून कर."

माझा स्फटिक स्पंजासारखा, सच्छिद्र आणि लवचीक. कॉम्प्युटरवर मी त्याच्या पोकळ्यांत वायूचे रेणू भरत होते. बराच वेळ त्याने ते शहाण्यासारखे घेतले, आणि भरत आल्यावर पठ्ठ्याने एकदम अंग आक्रसून निम्मे बाहेर फेकले. दर वेळी हेच. बाळंतपणाच्या रजेनंतर माझ्या हातून झालेलं एवढंच तर काम होतं!

"मॅडम, पण मी परत परत तपासलंय."

"अगं, झोप नसली की होतात चुका. इतकं छान आत घेतलेलं कोणी उगाच बाहेर टाकतं का?"

माझ्या मांडीवर लेक होती आणि वाटीत कुस्करलेल्या केळ्याचा शेवटचा चमचा. बाईसाहेब आतापर्यंत गुपचूप खात होत्या, म्हणून तोही तोंडात सारला. तिने गाल फुगवले, मान आखडली, आणि सगळं केळं थेट कॅमेऱ्यावर.

पलीकडे मॅडमनी दचकून खुर्ची मागे घेतली. त्यांना आता नुसतं केळंच दिसत असणार.

"माझा थोरला अगदी अस्साच होता," त्या म्हणाल्या. "बरं, काही काढून टाकू नकोस. आधी तिचं तोंड पूस, आणि मग मला सांग, तुझा स्फटिक नेमका कितव्या घासाला उलटला?"