काकूंची वामकुक्षी

घराच्या छताला ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे होते आणि आता ते फुटायला लागले होते. "याची धूळ छातीत जाऊन बसली की निघत नाही," असं पुतण्याचं हजारदा सांगून झालं, पण काकूंचं आपलं एकच. "तुझे काका जाईपर्यंत याच छताखाली घोरले. तेव्हा नाही हललं ते."

पत्रे काढायच्या दिवशी पुतण्याने त्यांना जवळजवळ उचलूनच शेजारच्या गल्लीत नणंदेकडे नेऊन बसवलं. पण नणंदेच्या गादीवर काकूंचा डोळा लागतोय कसला. जेवण झाल्यावर "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून त्या निघाल्या, मागच्या दाराने स्वतःच्या घरात शिरल्या आणि चष्मा काढून पलंगावर गाढ झोपल्या.

थोड्या वेळाने कामगार आले. बाहेरच्या खोलीत त्यांनी छतापासून जमिनीपर्यंत पांढरं प्लास्टिक लावलं, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख चढवले, तोंडाला मास्क बांधले. पत्र्याला हात लावण्याआधी घर रिकामं आहे ना, हे बघायला दोघे आतल्या खोलीत गेले आणि चपापलेच. मुकादम पलंगाशी वाकून हळूच म्हणाला, "काकू, उठा. चला आमच्याबरोबर."

काकूंनी डोळे किलकिले केले. समोर दोन पांढऱ्या आकृत्या, त्यांच्या मागे सगळं पांढरं, धूसर. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.



"येते. पण आमच्या ह्यांना इतक्यात सांगू नका. मी आले हे कळलं की लगेच चहा मागतील."