सोनेरी माशांचे पर

करुणाला थांबणं म्हणून माहीत नव्हतं. पापड वाळायच्या आधी डब्यात, भात मुरायच्या आधी ताटात, आणि नळ आला की पहिली कळशी सरळ माशांच्या पेटीत.

तुळजाबाई हे रोज पाहत होत्या. सासूचं कामच ते. त्या कामात त्यांनी कधी खाडा केला नव्हता.

काचेची पेटी करुणाच्या भावानं शिरूरहून आणली होती, भाचीच्या वाढदिवसाला. दोन सोनेरी मासे, लांब झुळझुळीत शेपटीचे. दोन पट्टेवाले, बोटाच्या पेराएवढे. दुकानदारानं बजावून सांगितलं होतं, नळाच्या पाण्यात टीसीएलची पावडर असते, जंतू मारायची. पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवा, मग ओता. ताजं ओतलंत तर संध्याकाळपर्यंत मासा पालथा.

"दिवसभर बादली अडवली तर धुणं कशात भिजवू?" करुणा म्हणाली, आणि ओतायची तशी ओतत राहिली.

तीन आठवड्यांत सोनेरी माशांचे पर झडले, शेपट्यांच्या चिंध्या झाल्या. आणि त्याच आठवड्यात करुणाच्या चार वर्षांच्या लेकीचे, स्वातीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

कावीळ. खालच्या आळीत आणखी तिघांना झाली होती. पण ते तिघं एकाच लग्नात मठ्ठा प्यायले होते, असं नवनाथ म्हणाला. नवनाथ म्हणजे तुळजाबाईंचा मुलगा, करुणाचा नवरा आणि दीड वर्षापासून गावचा सरपंच.

"नळाच्या पाण्याचं नावच काढू नका," ओसरीवर जमलेल्यांना त्यानं सांगितलं. "रोज सकाळी टाकीवर सोता उभा राहून टीसीएल टाकून घेतो मी. माझ्या पोरीला झालं ते ह्या पेटीनं. हिचा हात दिवसभर त्या घाणीत, आन् त्याच हातानं पोरीला घास."

"साबणानं हात धुते मी," करुणा म्हणाली.

"मासं सुदिक जपता येईनात तुला. त्यांचं पर बघ. औषधाच्या पाण्यानं जळालं. सांगितलेलं ऐकायचं न्हाई." मग तो आईकडं वळला. "आये, हिला माहेराला, केंदूरला धाडतो. पोरगी हितंच राहील."

"धाडायचं का न्हाई ते मी ठरवीन. आधी मासा दाखवून येते."

"माशाला डॉक्टर?"

"तुझ्या बापाच्या बैलाला व्हता. तवा कोण हसलं न्हाई."

मग त्यांनी करुणाला आत बोलावलं. "दुकानदार म्हणला पाण्यानं जळालं, तर पिशवी भरायची. असलं निष्काळजी माणूस मला नातीपाशी नको."

"ती माझ्याबिगर झोपत न्हाई, आत्याबाई."

"म्हाईत हाय मला."

सकाळच्या एसटीनं तुळजाबाई शिरूरला निघाल्या. मांडीवर लोणच्याची धुतलेली बरणी, बरणीत एक सोनेरी मासा.

"मावशी, ह्याचं हाफ काढू का?" कंडक्टरनं विचारलं.

"आधी तुझ्या गाडीला काचा बसव. मग माझ्या बरणीकडं बघ."

दुकानदार सतीश चष्म्याचा, किडकिडीत पोरगा होता. त्यानं बरणी ट्यूबलाइटपाशी धरली आणि गोल गोल फिरवली.

"पर जळाले की कडा पांढऱ्या पडतात, मावशी. कापसासारख्या. आणि सगळ्याच माशांच्या. हे बघा, इथून अर्धा गोल तुकडा गेलाय. इथून पण. पट्टेवाल्यांचे पर कसे आहेत?"

"त्यांना काय धाड भरलीय? नव्या जावयावानी फिरत्यात पेटीभर."

"तेच चोर. लांब शेपटी दिसली की कुरतडतात. चूक माझी, एका पेटीत द्यायलाच नको होते. वेगळे ठेवा, महिन्याभरात शेपटी भरून येईल."

"म्हंजी पाण्याचा दोष न्हाई?"

"छे, पाणी झकास आहे. विहिरीचं का?"

"नळाचं."

"मग सूनबाई दिवसभर उघडं ठेवत असणार. म्हणून तर मासा एवढा तरतरीत राहिला. गुणी आहेत हां."

दुसऱ्या कुणी सुनेचं कौतुक केलं की तुळजाबाईंच्या जिभेवर काहीतरी तयार असायचं. आज त्या बरणीतल्या तरतरीत माशाकडं बघत राहिल्या. बरणीचं झाकण लावायलाही त्यांना वेळ लागला.

त्या घरी आल्या तेव्हा उन्हं कलली होती. नवनाथ ओसरीवर चार माणसांत बसला होता. दाराशी करुणा होती, स्वाती मांडीवर झोपलेली, शेजारी भरलेली पिशवी.

"काय म्हणला दुकानदार?" नवनाथनं विचारलं. "जळालंच ना?"

"पट्टेवाल्यांनी कुरतडलेत."

माणसं हसली. नवनाथही हसला. "बरं, न्हाई जळालं. पण ताजं पाणी ओतलं का न्हाई हिनं?"

"ओतलं. रोज. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

"मग झालं तर! तूच सांगतीस." त्यानं चौघांकडं पाहिलं. "ऐकलं ना?"

"चुकलं माझं, आत्याबाई," करुणा खाली मान घालून म्हणाली. तिनं पोरीच्या डोक्याखालून हात हळूच काढून घेतला.

तुळजाबाई पायरीवर टेकल्या. बरणी खाली ठेवली, पदरानं कपाळ पुसलं. नवनाथकडं त्यांनी पाहिलं नाही.

"पोरीपासनं उठू नकोस, करुणा. रोज ताजं पाणी ओतलंस, आन् तीन आठवड्यात एक मासा मेला न्हाई. म्हंजी पाण्यात टीसीएल न्हाईच. गावाला कावीळ पाजली ती तुझ्या नवऱ्यानं."